ऑपरेशनआधी रक्त चढवायचं का?

प्रश्न : आईचं वय ४६, वजन ५० किलो. गर्भाशयात गाठी आहेत, पाळीत फार रक्त जातं. हिमोग्लोबिन ८.२ आहे. पाच आठवड्यांनी गर्भपिशवी काढायची आहे. नातेवाईक म्हणतात, आधी दोन बाटल्या रक्त चढवून घ्या. तसं करावं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आईंना धाप, छातीत दुखणं किंवा चक्कर नसेल, तर नुसत्या आकड्यासाठी रक्त चढवू नये. स्थिर रुग्णाला साधारणपणे हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर रक्त देतात; हृदयविकार असेल तर ८ च्या खाली. एका पिशवीने हिमोग्लोबिन जेमतेम १ ने वाढतं आणि २०० ते २५० मिलिग्रॅम लोह मिळतं. आईंची लोहाची तूट मात्र मोठी आहे. हिशोब असा : वजन ५० × (अपेक्षित हिमोग्लोबिन १५ − सध्याचं ८.२) × २.४ हा ठरलेला गुणक, अधिक साठ्यासाठी ५००. म्हणजे सुमारे १३०० मिलिग्रॅम.

आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवतं) आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासा. फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे लोहाची कमतरता नक्की. ती असेल तर हाताशी पाचच आठवडे असल्याने गोळ्यांवर विसंबू नका, शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे शिरेतून द्यायचं लोह एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत, सुमारे १५ मिनिटांत देतात, नंतर अर्धा तास लक्ष ठेवतात. उरलेलं किमान आठवड्याने. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण २ ने वाढतं.

गोळ्याच घ्यायच्या ठरल्या, तर एक दिवसाआड, रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. एका डोसनंतर सुमारे २४ तास आतडं लोह कमी शोषतं, म्हणून रोज दोन-दोन घेऊन फायदा नाही. बद्धकोष्ठता तेवढी वाढते. बहुतेक घरांत चुकतं ते इथेच : गोळीमागोमाग चहा. चहातलं टॅनिन लोह अडवतं, ज्वारीच्या भाकरीतलं फायटेटही. गोळी आणि या दोन्हींत दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. शौचाला काळं होईल, घाबरू नका.

दरम्यान पाळीतला रक्तस्राव थांबवला नाही, तर भरलेलं सगळं वाहून जाईल. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते आवर्जून सांगा. ॲस्पिरिनसारखी गोळी चालू असेल तर तीही दाखवा, मनाने बंद करू नका.

रक्तगट तपासून, जुळणी करून रक्तपेढीत पिशव्या राखून ठेवाव्यातच. ऑपरेशनात गरज पडली आणि रक्तस्राव जोरात नसेल, तर एकच पिशवी द्यायची, पुन्हा तपासायचं, मग दुसरीचं ठरवायचं.