सुरुवात एकाच शिंपल्यापासून करा

आपण पुण्यात राहून बंदरांतील परकीय सागरी जीवांचा अभ्यास करू पाहता, याचा आनंद वाटला. समुद्र दूर असल्याची खंत नको, कारण परकी जात पाणी कसे व्यापते, हे मुळा-मुठेतील जलपर्णीही दाखवते. आरंभी मुंबईच्या गोदीत आढळणारा, मूळचा कॅरिबियन भागातील ‘मायटिलॉप्सिस सॅली’ हा एकच शिंपला नीट ओळखायला शिका.

नवशिक्यांच्या चुका बहुधा दोन असतात:

- अनोळखी दिसणारा प्रत्येक जीव परका ठरवणे. आधी कालवे आणि तिसऱ्या हे स्थानिक शिंपले ओळखा.
- सगळा दोष जहाजांच्या बॅलास्ट पाण्याला, म्हणजे तोल राखण्यासाठी जहाजात भरलेल्या पाण्याला देणे. असे जीव जहाजाच्या बुडाला चिकटूनही येतात.

जिवंत नमुने मात्र घरी आणू नका. हा शिंपला कमी खाऱ्या पाण्यातही तग धरतो, त्यामुळे तो निसटून इतरत्र पसरू शकतो. बॅलास्ट पाण्याविषयीच्या, २०१७ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचे बारकावे सध्या बाजूला ठेवा.