सुपरहिरो चित्रपटात नायक जीव देतो, ते खरं बलिदान की रडवायची युक्ती?

तुमचा प्रश्न असा आहे की मार्व्हल-डीसीच्या चित्रपटांत शेवटी कोणीतरी जीव देतो, सगळं थिएटर रडतं आणि दोन वर्षांनी तोच माणूस धडधाकट परत येतो. मग या त्यागाला अर्थ काय, आणि बारा वर्षांच्या धाकट्या भावाने विचारलं तर त्याला काय सांगावं. मी इंदूरची. मीसुद्धा धाकट्या भावामुळेच हे चित्रपट पाहायला लागले, तेही हिंदी डबिंगमध्ये, आणि आता त्याच्यापेक्षा मीच जास्त पाहते. तुमची शंका मला अर्धी पटते. उरलेल्या अर्ध्यासाठी थोडं सविस्तर लिहिते.

पटते ती सुपरमॅनच्या बाबतीत. २०१६ च्या चित्रपटात तो डूम्सडे नावाच्या राक्षसाला मारताना मरतो. त्याचं दफन होतं आणि शेवटच्या क्षणी शवपेटीवरची माती हललेली आपल्याला दाखवतात. २०१७ मध्ये तो परत. कॉमिक्समध्ये तर हे १९९२ सालीच होऊन गेलं होतं, आणि पुढच्याच वर्षी त्याला परत आणलं होतं. अशा ठिकाणी मला फसवल्यासारखं वाटतं, कारण निरोप घ्यायला बोलावलं आणि निरोप झालाच नाही.

पण तो पुढे परत आला की नाही, यावर मी त्याग मोजत नाही. उडी घेताना त्याला काय माहीत होतं, ते मी पाहते. आणि यासाठी माझ्या मते सगळ्यात चांगलं दृश्य असं आहे की ज्यात कोणी मरतच नाही.

२०११ चा 'कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अव्हेंजर' आठवा. स्टीव्ह रॉजर्स तेव्हा काडीपैलवान आहे. माणसाला महाबली करणारं ते औषध अजून त्याच्या अंगात गेलेलं नाही. छावणीत कवायत चालू आहे, तो सगळ्यांच्या मागे धापा टाकतोय. त्या औषधासाठी कर्नलला धिप्पाड हॉज पसंत आहे, औषध बनवणाऱ्या डॉक्टर अर्स्किनला स्टीव्ह. कर्नल म्हणतो, युद्ध चांगुलपणावर जिंकत नाहीत, हिमतीवर जिंकतात, आणि जवळच्या पेटीतला हातबॉम्ब उचलून पोरांच्या मधोमध फेकतो. हॉजसकट सगळे पांगतात. स्टीव्ह त्या बॉम्बवर पोट टेकून गोळा होऊन पडतो आणि हाताने बाकीच्यांना 'लांब व्हा' म्हणून खुणावतो. काही सेकंद जातात. बॉम्ब बनावट निघतो.

आता सांगा, या माणसाने त्याग केला की नाही? त्याचं काही गेलं नाही. अंगावर ओरखडासुद्धा नाही. पण त्या काही सेकंदांत त्याने स्वतःचं आयुष्य देऊन टाकलं होतं. ते परत मिळालं, हा झाला योगायोग. पुढे याच माणसाला ताकद मिळते, ढाल मिळते, वेष मिळतो. पण या दृश्यात त्याच्याकडे त्यातलं काहीच नाही. म्हणून मी तुमच्याइतकी 'परत येतात' या गोष्टीवर चिडत नाही. उडी मारताना खाली जाळी आहे हे त्याला ठाऊक असेल तर मात्र माझ्या लेखी तो त्याग उरत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेतच आहे. आपण 'बळी देणं' म्हणतो आणि 'बलिदान करणं'ही म्हणतो. बोकडाचा बळी देतात. बोकडाने बलिदान केलं असं कोणी म्हणत नाही, कारण त्याला कोणी विचारलेलं नसतं. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये खलनायक थॅनॉस सोल स्टोन नावाचं जादुई रत्न मिळवायला वॉर्मिर ग्रहावर जातो. तिथली अट अशी की ज्याच्यावर प्रेम आहे ते माणूस गमवायचं. तो रडत रडत गमोराला, स्वतः वाढवलेल्या मुलीला, कड्यावरून फेकतो. चित्रपटात तो याला आपण चुकवलेली किंमत म्हणतो. किंमत गमोराने चुकवली. त्याचे अश्रू खरे असतील, पण हा बळी आहे, बलिदान नाही.

पुढच्या वर्षी 'एंडगेम'मध्ये त्याच कड्यावर नताशा (ब्लॅक विडो) आणि तिचा जुना साथीदार क्लिंट (हॉकआय) येतात, तेच रत्न मिळवायला. अट तीच. आणि दोघं भांडतात ते 'मी मरणार' म्हणून. एक दुसऱ्याला खाली पाडतो, दुसरा पहिल्याच्या पायात अडथळा घालतो. शेवटी नताशा त्याला दोरीने अडकवून टाकते आणि स्वतः लटकत राहते. त्याने तिचा हात धरलेला असतो. ती त्याला सोड म्हणते, आणि कड्यावर पाय रोवून स्वतःला झोकून देते.

थिएटरमध्ये माझा भाऊ शेवटी रडला, टोनी म्हणजे आयर्न मॅन चुटकी वाजवून थॅनॉसला संपवतो आणि स्वतः मरतो तेव्हा. मी आधीच, या कड्यावर रडले, आणि का ते सांगायला घरातली एक गोष्ट सांगावी लागेल.

२०१७ मध्ये माझ्या बाबांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. घरी आले की बोलायचंही त्राण नसायचं. डॉक्टरांनी प्रत्यारोपण सुचवलं. आईला मधुमेह, त्यामुळे तिचा प्रश्नच नव्हता. भाऊ अकरावीत होता. माझं लग्न व्हायचं होतं. राहिली आत्या. बाबांची सख्खी धाकटी बहीण, लग्न न केलेली, आमच्याच घरात राहून शाळेत गणित शिकवणारी. रक्तगट जुळला, तपासण्या सुरू झाल्या. 'तिच्या मागे कोण आहे?' हे वाक्य एका नातेवाईक बाईंनी एकदाच म्हटलं, पण घरात सगळ्यांनी मनातल्या मनात तेच धरलं होतं. मीसुद्धा. 'आत्या, तुला द्यायची आहे का?' असं मी तिला एकदाही विचारलं नाही. तिच्या फायली लावून दिल्या, तिच्या सोनोग्राफीची वेळ घेतली, उपाशीपोटी न्यायचं म्हणून सकाळी चहा मागे ठेवला. एवढं सगळं केलं, पण विचारलं नाही.

आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे. त्यात सख्ख्या नात्यातल्या माणसालाही आपण स्वखुशीने देतोय हे सांगावं लागतं. त्यासाठी डॉक्टरांनी आत्याला एकटीलाच आत बोलावलं. आई आणि मी बाहेर बाकावर. आत्याची स्टीलची पाण्याची बाटली माझ्या मांडीवर. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, माझ्या शेजारी बसली, बाटली घेतली, दोन घोट प्यायली आणि झाकण अगदी सावकाश फिरवत बसली. मी म्हटलं, "काय विचारलं?"

"कोणी जबरदस्ती केली आहे का म्हणाले. आणि नाही म्हणायचं असेल तर आत्ता सांगा, घरी आम्ही वैद्यकीय कारण सांगू, तुमचं नाव येणार नाही म्हणाले."

"मग?"

"मग काय, हो म्हटलं. दादा आहे माझा." झाकण तोवर घट्ट बसलं होतं, तरी ती फिरवत होती. "पण विचारलं गं कोणीतरी."

त्या शेवटच्या वाक्याने मला आजही झोप लागत नाही कधी कधी. आत्याने किडनी दिली तो त्याग होताच. पण आम्ही घरच्यांनी तिचा बळी द्यायची तयारी केली होती, आणि त्या खोलीतल्या अनोळखी डॉक्टरांनी 'नाही'चं दार उघडं ठेवलं म्हणून त्याचं बलिदान झालं. तिने ते दार पाहिलं आणि त्यातून बाहेर पडली नाही.

म्हणून वॉर्मिरवर मला रडू आलं. ती दोघं भांडत होती, म्हणजे एकमेकांना नकाराची पूर्ण मुभा देत होती. आणि म्हणूनच त्या चित्रपटावर माझा रागही आहे. नताशाच्या जाण्याचं एक कारण असं की क्लिंटला बायकोमुलं आहेत, तिला नाहीत. परत तेच, मागे कोण आहे. आणि नंतर पाहा. टोनीसाठी तळ्याकाठी सगळं जग रांगेत उभं आहे, त्याच्या छातीतलं यंत्र फुलांच्या चक्रात ठेवून पाण्यावर सोडतात. नताशासाठी चारपाच सहकारी तळ्याकाठी दोन मिनिटं उभे राहतात, हल्क रागाने तिथलं बाकडं उचलून पाण्यात भिरकावतो, आणि कामाला लागतात. जिच्या मागे कोणी नाही तिच्या जाण्याला वेळही कमी लागतो, असं त्या मांडणीत दिसतं आणि ते मला सलतं. तुमचा 'परत येतात' हा मुद्दा मात्र तिला लागू होत नाही. २०२१ मध्ये तिचा स्वतंत्र चित्रपट आला तो तिच्या मरणाआधीच्या काळातला होता. ती परत आलेली नाही.

आणखी एक गोष्ट. हे सगळे अमेरिकन कल्पनेचे खेळ असं कोणी म्हणालं की मला दधीची आठवतात. वृत्रासुराला मारायला वज्र हवं होतं आणि ते दधीची ऋषींच्या हाडांतूनच होणार होतं. देव त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी मागितलं. हेही मला आता महत्त्वाचं वाटतं, की मागितलं. ऋषींनी देह ठेवला. वज्र इंद्राच्या हातात आलं, पराक्रम इंद्राच्या नावावर लागला. आपल्या कथेत ताकद एकाकडे आहे आणि देणारा दुसराच आहे. हॉलीवूडवाले या दोघांना एकाच वेषात बसवतात, त्यामुळे आपल्याला वाटू लागतं की त्याग करायला आधी ताकद लागते. पण इंदूरमध्ये दान केलेले अवयव नेण्यासाठी ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे अँब्युलन्ससाठी रिकामे केलेले रस्ते, आतापर्यंत पन्नासाहून जास्त वेळा केले गेले आहेत. मीही एकदा रस्त्याच्या कडेला थांबले होते. पोलिसांनी चौक रिकामा केलेला, अँब्युलन्स सुसाट गेली आणि दहा सेकंदांत वाहतूक पुन्हा सुरू झाली. ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं आणि ज्यांना कोणीतरी जाऊन 'द्याल का' असं विचारलं होतं, ते त्या रस्त्यावर नव्हतेच.

चित्रपटांनाही हे कधी कधी कळतं. २००४ च्या 'स्पायडर-मॅन २' मध्ये तो धावती आगगाडी अंगावर घेऊन थांबवतो. मास्क निघालेला, कपडे फाटलेले, तो बेशुद्ध पडतो. प्रवासी त्याला हातांवर अलगद आत घेतात, खाली निजवतात, आणि कोणीतरी म्हणतं, अरे हा तर पोरगा आहे. दोन मुलं त्याचा मास्क त्याला परत देतात आणि कोणाला सांगणार नाही म्हणतात. इथवर सगळ्यांना आठवतं. पण नंतर खलनायक डॉक ऑक त्याला न्यायला येतो तेव्हा हेच प्रवासी, ज्यांच्याकडे काहीही नाही, एकामागून एक मध्ये उभे राहतात. तो त्यांना क्षणात बाजूला सारतो. त्यांच्या उभं राहण्याने काही फरक पडला नाही. माझ्यासाठी त्या चित्रपटातलं सगळ्यात मोठं शौर्य तेच आहे.

आणि मरणं हाच सर्वांत मोठा त्याग, असं भावाला वाटू देऊ नका. २०२१ च्या 'नो वे होम'मध्ये पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, जगाला आपला विसर पडू देतो. शेवटी तो आपली प्रेयसी एमजे, जी त्याला विसरली आहे, तिला सगळं सांगायला कॉफीच्या दुकानात जातो. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलेलं असतं. तिच्या कपाळावर लढाईतल्या जखमेची पट्टी दिसते आणि तो कागद तसाच ठेवून, कॉफी घेऊन बाहेर पडतो. यापुढे रोज सकाळी उठून त्याला ते निभवायचं आहे. आत्याची जखम भरून आता वर्षं झाली. कुशीवरचा व्रण कोणाला दिसत नाही, मीठ कमी खाते, वर्षातून एकदा तपासणीला जाते. बाबा रोज सकाळी फिरायला जातात, ती अजूनही मुलांच्या वह्या तपासते. या वर्षीच्या तपासणीच्या आधी मी तिला विचारलं, "एकटी जातेस की मी येऊ?" ती म्हणाली, "ये."

भावाला काय सांगायचं, तर सांगू नका. कॅप्टन अमेरिकेचं ते छावणीतलं दृश्य लावा. बॉम्ब पडतो, स्टीव्ह त्यावर झोपतो, तिथेच रिमोटने थांबवा, आणि तो बनावट आहे हे त्याला कळायच्या आत विचारा, आता याला काय माहीत आहे? मग हॉजकडे बोट दाखवून विचारा, आणि याला? त्याला हवा तेवढा वेळ घेऊ द्या. मग दृश्य पुढे चालू करा.