सीताफळाचा गर परदेशी पाठवताना

प्रश्न : धारूर परिसरातील आमची शेतकरी उत्पादक कंपनी सीताफळाचा गर काढते. आंब्याच्या गराप्रमाणे तो निर्जंतुक पिशवीत भरून परदेशी आइस्क्रीम उत्पादकांना पाठवता येईल का? – एक वाचक, जि. बीड

उत्तर : पाठवता येईल, पण आंब्याच्या वाटेने नव्हे. केसर आंब्याचा गर उष्णता सोसतो, म्हणून निर्जंतुक करून पिंपांत भरला की साध्या तापमानालाही तो महिनोन्‌महिने टिकतो; सीताफळाचा गर मात्र सुमारे ६५ ते ७० अंशांच्या वर तापला की कडवट होतो आणि हवा लागताच तपकिरी पडू लागतो, त्यामुळे तो झटपट गोठवून थेट खरेदीदाराच्या शीतगृहापर्यंत उणे १८ अंशांवर ठेवावा लागतो. गर काढताना यंत्रात बिया फुटल्या, तर तो घाणा गेलाच म्हणून समजा.

आयात-निर्यात कोड, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरण) केंद्रीय परवाना आणि अपेडाची (कृषिमाल निर्यात विकास प्राधिकरण) नोंदणी ही कामे त्या मानाने सोपी आहेत. खरेदीदार ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचे प्रमाण), सामू (आम्लतेचे माप), जिवाणूंची संख्या आणि कीटकनाशकांचे अंश यांचे अहवाल मागतो. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन असले, तरी कारखानदार भाव देतो तो मालाच्या एकसारखेपणाला. शीत कंटेनर भरेल एवढा माल नसल्यास स्वतः निर्यातीचा हट्ट न धरता आधी एखाद्या अनुभवी निर्यातदाराला गर पुरवावा, असे आमचे मत आहे.