मे महिन्यात इंदूरला मुलांना पाण्यात खेळायला कुठे न्यावं? पातालपाणी कसं आहे?

तुम्ही पुण्याहून मेमध्ये आठवडाभर मावशीकडे येताय, सोबत नऊ आणि बारा वर्षांची मुलं, आणि पातालपाणीला डुंबायचा बेत आहे असं लिहिलंय. तो बेत आधी रद्द करा. फोटोत दिसतो तो धबधबा जुलै-ऑगस्टचा. मेमध्ये तिथे नुसता कातळ, तळाशी असलंच तर हिरवं डबकं. आणि पावसाळ्यातही तो लांबूनच बघायचा. जुलै २०११मध्ये अचानक लोंढा आला आणि सहलीला आलेली माणसं लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. तेव्हापासून आमच्या घरात पातालपाणीचं नाव काढलं की सासूबाई विषयच बदलतात.

मी सांगेन नर्मदेकाठचं महेश्वर. महू, मानपूर, धामनोद असं नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. पण पहाटे साडेपाचला गाडी सुरू झालीच पाहिजे. डोंगरातला घाट उतरला की निमाड, म्हणजे नर्मदेकाठचा सखल मुलूख लागतो, आणि निमाडातल्या दुपारी नदीघाटाच्या दगडावर अनवाणी पाय टेकवत नाही. आठच्या आत पोचा, दहाला पाण्याबाहेर.

किल्ल्याच्या खालचा अहिल्या घाट लांबरुंद आहे, पायऱ्या थेट नदीत उतरतात. मुलांना पाण्यातल्या पहिल्या-दुसऱ्या पायरीवर बसवलं की तासभर उठत नाहीत, मासे पायाला लुचत राहतात. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. आधी आपण पाय घासून बघायचं, मग मुलांना उतरवायचं. शेवटच्या पायरीपुढे काय आहे ते वरून कळत नाही, तेव्हा पोहता येणाऱ्यानेही तिकडे शूरपणा करू नये.

आता महत्त्वाचं. उन्हाळ्यात नर्मदेचं पाणी पावसावर नाही, धरणांवर चालतं. वर ओंकारेश्वरचं ५२० मेगावॉटचं वीजघर, त्याच्याही वर इंदिरा सागरचं १००० मेगावॉटचं. तिथल्या टर्बाइन सुरू झाल्या की खाली पाणी चढतं. आभाळात ढग नाही, पाण्याला आवाज नाही, तरी चढतं. एकदा धाकट्याच्या चपला पाण्यापासून दोन पायऱ्या वर ठेवून आम्ही पोहे खायला गेलो. परतलो तर एक चप्पल पायरीशी गरगर फिरत होती, दुसरी गेली होती. तो रडला, आम्ही हसलो, पण गाडीत बसल्यावर मला घाम फुटला. एप्रिल २००५मध्ये नर्मदेकाठच्याच धाराजीला अमावास्येच्या जत्रेत असंच वरून सुटलेलं पाणी आलं आणि पन्नासच्या वर माणसं बुडाली. चप्पल वाहून गेली त्या दिवशी महेश्वरच्या एका नाववाल्याने शिकवलेली युक्ती मी आता कायम करते: पाण्याबाहेरची पहिली कोरडी पायरी नजरेत धरून ठेवायची. ती ओली झाली की मुलं बाहेर, मग कितीही रडोत.

नावेत बसून नदीच्या मधल्या बाणेश्वराला जाऊन या. बसण्याआधी लाइफ जॅकेट मागा. न मागता मिळेलच असं नाही. मग सहस्रधारा. तिथे काळ्या खडकातून नदी असंख्य धारांनी फुटते. सहस्रार्जुनाने हजार हातांनी नर्मदा अडवली, ती त्याच्या बोटांमधून निसटली, अशी कथा आहे. खेलो इंडियाच्या कनू स्लालमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यातल्या छोट्या होड्यांच्या शर्यती २०२३मध्ये इथेच झाल्या, यावरून प्रवाहाचा अंदाज करा. बघायचं, पाय घालायचा नाही.

स्पीडबोट, जेट स्की वगैरेच हवं असेल तर इंदिरा सागरच्या काठी हनुवंतिया आहे, पण ते आणखी लांब. मेच्या उन्हात जाऊन-येऊन करू नका, मुक्काम करा. शहराजवळच्या चोरल धरणाचं पाणी तोवर बरंच आटलेलं असतं, फेरफटक्याला ठीक. सिरपूरचा तलाव पक्ष्यांसाठी सुंदर आहे, २०२२पासून रामसर यादीत आहे, तिथे पाण्यात शिरायचं नसतं. वॉटरपार्क शहराबाहेर बरेच आहेत. रविवारी तिथे पाण्यापेक्षा माणसं जास्त, आणि सुती कपड्यांत आत सोडत नाहीत. नायलॉनचे घरूनच न्या, भाड्याचे घालवत नाहीत.

परत आल्यावर रात्री मुलांना इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात न्या. तिथे शिकंजी मागितली तर लिंबूसरबत येणार नाही. दुधाची, घट्ट, सुक्यामेव्याची येते. दोघांत एक पुरते.