जुन्या पंखाचं माप घेताना

अरे, मॉडेल विमानाचे ते जुने पंख लगेच सोलायला घेऊ नकोस. पण वरून साचाही लावू नकोस. वर चिकटवलेला जुना टिश्यू (पातळ कागद) दोन रिबांच्या, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळ्यांच्या, मधे आत ओढलेला असतो, आकार खोटा मिळतो. माप रिबेवरच घे, तेही मुळाशी, पंख विमानाच्या अंगाला जुळतो तिथे. आणि नुसती रिब म्हणजे एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा पूर्ण आकार) नव्हे! पुढची काठी, मागची पट्टी, वरखाली बाल्साची (हलक्या लाकडाची) शीट असेल तर तिची जाडी, सगळं धरून बाहेरची रेघ काढ. मी पहिल्यांदा बाहेरच्या रेघेवरच रिबा कापल्या, वर दीड-दीड मिलिमीटरची शीट चिकटवली. पंख तीन मिलिमीटरनं जाड. बसलो बघत.

आता कॉर्ड, म्हणजे पंखाची पुढून मागपर्यंतची रुंदी, मोज. समज 200 मिलिमीटर आली, जाडी 23.4 म्हणजे 11.7 टक्के, आणि खालची बाजू पुढून 60 मिलिमीटरनंतर सपाट, तर बहुतेक क्लार्क वाय हा एअरफॉइल, 1922 चा. दोन्हीकडून फुगीर, 12 टक्के जाड असेल तर नाका (NACA) 2412 या एअरफॉइलशी ताडून बघ. त्यात मधल्या रेघेचा बाक कॉर्डच्या 2 टक्के, पुढून 40 टक्क्यांवर. खालून पोकळ असेल तर पोकळच ठेव, सपाट करून ‘सुधारू’ नकोस. पंखाच्या पुढच्या कडेशी मात्र मिलिमीटरभर फरकावर अडून बसू नको, पॉलिश पेपरनं कुणीतरी ते घासलेलं असतंच.

निमुळत्या पंखाला मुळाचा नि टोकाचा असे दोन साचे कर, मधे रिबांसाठी बाल्साचे तुकडे आवळून घास. साचे प्लायचे चालतात. पत्र्याचे हवे असले तर बेळगावच्या उद्यमबागेत कुणीही कापून देईल.

डोप (टिश्यूवर लावायचं, तो ताणून धरणारं लॅकर) जुलैत नको. खानापूरकडच्या पावसाळी हवेत तो पांढरट पडतो. दसऱ्यानंतर लाव.