कोगनोळी नाक्यावर जप्त झालेली ६० ग्रेनची काडतुसं

प्रश्न : वकीलसाहेब, मी निपाणी तालुक्यातला. माझ्याकडे .२२ बोअरच्या रायफलचा परवाना आहे, बेळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचा. क्षेत्र फक्त कर्नाटक. सरावाला मात्र कोल्हापूरला जातो. तिथल्या एका परवानाधारक मित्राने त्याच्याकडची ६० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) काडतुसं पेटीभर दिली, ‘वापरून बघ’ म्हणून. माझ्या बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा पीळ, १६ इंचांत एक फेरा. त्या गोळ्यांनी कागदावर लांबट, आडवी भोकं पाडली. परत येताना कोगनोळीला गाडी तपासली आणि पोलिसांनी रायफल व उरलेली काडतुसं जप्त केली. आता ‘परवाना निलंबित का करू नये’ अशी कन्नड नोटीस आली आहे. जड गोळी वापरणं हा गुन्हा आहे का? ९ इंचांत एक फेरा असलेलं बॅरल बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बनवून घेतलं तर चालेल का? आणि काडतुसं बॅगेत चुकून राहिली, असं सांगावं का?

उत्तर : उद्यमबागेचा विचार आजच सोडून द्या. तिथले कारागीर लेथवर सुरेख काम करतात, म्हणूनच आधी सांगतो. शस्त्र कायदा, १९५९ च्या व्याख्येत अग्निशस्त्राचे सुटे भागही अग्निशस्त्रच धरले जातात. परवान्याशिवाय ते बनवणं किंवा रायफलमध्ये बदल करणं कलम ५ च्या विरुद्ध आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप इतकी शिक्षा आहे. तुमच्या हौसेपायी तो लेथवालाही त्यात जाईल. आज तुमच्यावर आहे ते प्रकरण त्यामानाने फार लहान आहे. ते मोठं करू नका.

शिवाय बॅरल बदलायची गरजच नाही. दोष तुमच्या रायफलचा नाही. भोवऱ्याला फिरकी कमी पडली की तो डुलतो आणि आडवा होतो, तेच त्या गोळ्यांचं झालं. १८७९ मध्ये जॉर्ज ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने यासाठी सोपा हिशेब दिला : गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. मापं सगळी इंचात. येणारा आकडा म्हणजे गोळी स्थिर राहायला साधारण किती इंचांत एक फेरा हवा ते. या हिशेबात वजन कुठेच नाही, लांबी आहे. पण व्यास तोच ठेवून शिसं वाढवलं की गोळी लांबच होणार. नेहमीची ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी १६ इंचांच्या फेऱ्यात नीट जाते; .२२ ची बहुतेक बॅरल तिच्यासाठीच असतात. ६० ग्रेनची जवळपास ३.९ ग्रॅमची, बरीच लांब, आणि तिला ९ इंचांच्या आसपासचा फेरा लागतो. तुम्ही ४० ग्रेनवर परत या. दोन-तीन वेगवेगळ्या लॉटची काडतुसं कागदावर मारून बघा आणि ज्याचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, लहान येतो ते धरा. खरेदी फक्त परवानाधारक दुकानातून करा, नोंदीसह.

आता गुन्ह्याचं. गोळी किती ग्रेनची, याच्याशी परवान्याला देणंघेणं नाही. परवान्यावर बोअर असतो, शस्त्राचा प्रकार असतो, एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसं ठेवता-घेता येतील ते असतं आणि क्षेत्र असतं. ६० ग्रेनचं काडतूसही .२२ चंच. त्यामुळे जड गोळी हा गुन्हा नाही. प्रश्न आहे तो ती पेटी तुमच्याकडे आली कशी आणि कुठे, याचा.

कायद्यात नुसतं देणं किंवा उसनं देणं हेसुद्धा हस्तांतरण आहे. परवानाधारकाने परवानाधारकाला द्यायचं तरी कलम ५(२) प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. तुमच्या मित्राने हे केलेलं नाही. त्याच्यावर कलम २५(३) येऊ शकतं : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तुमची बाजू वेगळी आहे. पोलीस बहुधा ‘विनापरवाना दारूगोळा’ म्हणून कलम २५(१-ब)(अ) लावायला बघतील, तिथे किमान शिक्षा दोन वर्षांची आहे. पण तुमच्याकडे .२२ च्या काडतुसांचा परवाना आहे. तुमची आणि मित्राची मिळून काडतुसं परवान्यावरच्या संख्येत बसत असतील, तर हे विनापरवाना बाळगणं नव्हे, असं माझं ठाम मत आहे. संख्या ओलांडली असेल किंवा क्षेत्राबाहेर नेल्याचा मुद्दा काढला, तरी तो परवान्याच्या अटीचा भंग ठरावा. त्याला कलम ३० आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून आधी परवाना काढून काडतुसं मोजा. पंचनाम्यात जागा कोणती लिहिली आहे तेही वाचा. कोगनोळी कर्नाटकात आहे, म्हणजे जप्ती तुमच्या परवान्याच्या क्षेत्रातच झाली. कोल्हापूरच्या सरावाबद्दल वकील शेजारी असल्याशिवाय आणखी एकही जबाब देऊ नका.

‘चुकून राहिली’ असं मात्र सांगू नका. गुणवंतलाल खटल्यापासून, म्हणजे १९७२ पासून, ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलंय. नकळत बॅगेत राहिलेल्या काडतुसाला त्याचा आधार मिळतो. तुम्ही ती पेटी घेतली, त्यातली काडतुसं रेंजवर मारली आणि उरलेली स्वतः भरून आणली. खोटं पहिल्याच उलटतपासणीत उघडं पडेल, आणि वर सांगितलेला तुमचा खरा, चांगला बचावही त्याच्याबरोबर जाईल.

नोटिशीचं उत्तर मुदतीत द्या. ते मराठीत देता येतं का, ही धास्ती आपल्या भागात नेहमीची. संविधानाच्या कलम ३५० ने राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिला आहे. तो हक्क ठेवून मराठी उत्तराला कन्नड भाषांतर जोडा, म्हणजे टेबलावर कागद अडकत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ३ खाली, म्हणजे विनापरवाना बाळगल्याबद्दल, खटला भरायचा तर कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. बेळगावात ती डीसी ऑफिसच, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयच, देणार आणि परवान्याचा निर्णयही तेच घेणार. तेव्हा दोन्हीकडे एकच हकिकत गेली पाहिजे, शब्दाचाही फरक नको.

त्याच कार्यालयात कलम १७(२) खाली वेगळा अर्ज करून क्षेत्रात महाराष्ट्र घालून मागा. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी .२२ चा परवाना द्यावा, असं कलम १३(३) च सांगतं. तुमच्या क्लबची मान्यता तपासून सदस्यत्वाचा दाखला जोडा. सरावाला कोल्हापूरच का, हेही लिहा. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य, आणि दोघंही कोल्हापूर जिल्ह्याचे. निपाणीच्या पोराने तिकडे शिकायला जाणं ही साधी, पटणारी गोष्ट आहे, ती अधिकाऱ्यालाही पटेल. मंजुरी हातात येईपर्यंत मात्र रायफल सीमेपलीकडे नेऊ नका.

जप्त रायफल परत मिळवायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली न्यायालयात अर्ज होतो. खटला दाखल झाला आहे की नाही त्यावर कलम ठरेल. परवाना चालू असेल तर हा अर्ज सोपा जातो, म्हणून आधी नोटिशीचं उत्तर. काडतुसांचा आग्रह धरू नका. ती पुराव्यात राहू द्या, तुमच्या बॅरलला ती उपयोगाचीही नाहीत. आणि मित्राला त्याचा वेगळा वकील करायला सांगा. पेटी कोणी, कशी दिली या एका प्रश्नावर तुमचं आणि त्याचं हित एकमेकांविरुद्ध जाऊ शकतं, एकाच वकिलाला दोघांचं काम घेता येणार नाही.