बेस गिटार: भर घालताना लय पळते

प्रश्न: गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. भर (मोकळ्या जागेत वाजवायचे जादा स्वर) घातली की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ढोलकीच्या आधीच पोचतो. काय करावं?
– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर: लय बहुधा उजव्या हातातून सुटते. तर्जनी आणि मधलं बोट आलटून-पालटून पडताना एक स्वर आखूड होतो, पुढचा लवकर येतो. काही दिवस भर पूर्ण बंद ठेवा. मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ४० वर लावा आणि टिकटिक दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडते असं धरा. गाण्याची लय ८० होते. पहिली मात्रा तुम्हालाच सांभाळावी लागते, म्हणून हे अवघड आणि फार गुणकारी. रोज १० मिनिटं फक्त मूळ स्वर (त्या वेळच्या कॉर्डचा पायाचा स्वर) वाजवा. स्वर थांबवायचाही वेळेवर: डाव्या बोटाचा दाब सैल करा, बोट तारेवरच राहू द्या. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. वाजवताना घाई कळत नाही.

मग केरव्याच्या (आठ मात्रांच्या तालाच्या) सातव्या-आठव्या मात्रेतच भर घाला. मूळ स्वर, शेजारच्या बारीक तारेवर दोन पडदे (फ्रेट) पुढचा पंचम आणि त्याच पडद्यावर पुढच्या तारेवर वरच्या सप्तकातला तोच मूळ स्वर एवढं सुरुवातीला भरपूर आहे. आठव्या मात्रेच्या उत्तरार्धात, येणाऱ्या मूळ स्वराच्या एक पडदा खालचा स्वर घेतला की समेवर अचूक उतरता येतं.